दोनशे चाळीस नंबरची वाट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देते तेवढंच. हल्लीच टीव्हीच्या कपाटामागे पावणेदोन तास ओणवा होतो, तेव्हापासून मी काटकोनाच्या बराच अलीकडे थांबतो.) तुझी प्रकृती कशी आहे? उजव्या कानातलं नवीन यंत्र (दारावरची घंटा कळण्यापुरतं का होईना) टोचतं असं तुझ्या सूनबाईंनी कळवलं होतं. त्याच्या रबरी टोपीची तीन मापं असतात आणि दुकानदार सगळ्यांना मधलंच चिकटवतात, कारण मोजायचा कंटाळा. तू धाकटं मागून बघ. गुडघ्याचं काय? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालतेस, की नुसती बूट घालून दारात बसतेस? इकडे आई ठीक आहे. रक्तदाब काल सकाळी एकशे चौतीस आणि ब्याऐंशी होता. (दोनदा मोजून सरासरी काढली आहे. तिचं म्हणणं, पहिल्यांदा बरोबर भरतो आणि दुसऱ्यांदा माझा राग येऊन वाढतो.) सत्त्याऐंशीव्या वर्षी याहून चांगला आकडा कुणाला मिळत नाही. भूक उत्तम. झोप साडेसहा तास. हल्ली जरा गप्प असते, पण त्याविषयी पुढे.

आता तू म्हणशील, एवढं काय घडलं की या माणसाने चक्क कागद आणि पेन काढलं. इंटरनेटची लाइन बंद पडल्यावर मी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन (मोबाईलला आमच्या घरात तेवढीच एक जागा मानवते) "लाइन बंद आहे, काळजी नसावी" एवढा निरोप धाडला होता. सविस्तर लिहिलं नाही, कारण तुझा फोन असतो सूनबाईंच्या हातात. सूनबाई गुणी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही, पण त्यांना सांगितलेली गोष्ट त्या पुढच्या रविवारी आईला गोड हसत विचारतात, आणि ही गोष्ट आईला विचारण्यासारखी नाही. म्हणून जलद टपाल. शनिवारपर्यंत पोचेल. वाचून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालेल, फक्त तिसऱ्या पानाच्या मागे मी राउटरची आकृती काढली आहे तेवढी ठेव, छान आली आहे.

तर मूळ मुद्दा. तीन रविवार आई आणि तू एकमेकींना दिसला नाहीत. चूक कुणाची हे शेवटी ठरेलच, पण माझा हेतू चांगला होता हे आधी लिहून ठेवतो. तुमचं ते रविवारचं दहा ते साडेदहा हे बोलणं तुला आतून माहीत आहे. बाहेरून ते कसं दिसतं याची तुला कल्पना नाही. पावणेदहाला आई केस विंचरते, इस्त्रीचे कपडे घालते आणि टीव्हीसमोर चार फुटांवर खुर्चीत बसते. (खुर्चीचे पाय कुठे यावेत तिथे मी जमिनीवर चिकटपट्टीच्या चार खुणा केल्या आहेत, म्हणजे तुला तिचा चेहरा पडद्याच्या बरोबर मध्ये आणि पुरेसा मोठा दिसतो.) तुझे दोन्ही कान गेल्यावर तू ओठ वाचायला शिकलीस, तेव्हा सुरुवातीला आई जोराने बोलायची. मग एका रविवारी तिने मला विचारलं, "तिला ऐकूच येत नाही, तर मी घसा कशाला कोरडा करू?" त्या दिवसापासून ती नुसते ओठ हलवते, आणि तिला बघून तूही. सेकंदाला शंभर मेगाबिटची लाइन मी घेतली, आणि त्या लाइनीवरून माझी आई आणि माझी बहीण अर्धा तास एक अक्षरही आवाज न करता बोलतात, हसतात, मधूनच माझ्या खोलीकडे बोट दाखवून पुन्हा हसतात. तुझं बोलणं तिला कसं कळतं हे मला आजवर कोडं आहे. तिला तर कुणी ओठ शिकवले नाहीत. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेला असतो आणि मला ऐकू येतो तो फक्त पंखा.

अशा बोलण्यात चित्र थांबलं की संपलंच. फोनवर आवाज तुटला तर माणूस "काय म्हणालीस?" म्हणू शकतो, ओठच गोठले तर काय विचारणार? तुला आठवत असेल, मागे एकदा आईचं तोंड उघडं राहून सत्तावीस सेकंद चित्र थिजलं होतं आणि तिला काहीतरी झालं असं समजून तू सूनबाईंकरवी आमच्या समोरच्या शिंपीणबाईंना फोन करवलास. शिंपीणबाई गळ्यातल्या मोजपट्टीसकट धावत आल्या. आई जांभई देत होती. पण त्यानंतर आई तुझ्याशी बोलताना जांभई दाबायला लागली, आणि ते मला बघवेना. दोष कंपनीने बसवलेल्या त्या पांढऱ्या डबीचा होता हे मी तेव्हाच ओळखलं. हातात घेतली तर साबणाच्या वडीपेक्षा हलकी. ज्या यंत्राला वजन नाही त्याच्या आत काय असणार? मी चौकशी करून, तीन दुकानं पालथी घालून, एक काळा, चार कानांचा, नऊशे वीस ग्रॅम भरणारा राउटर विकत आणला.

तुझा भाऊ कुणाकडे शिकलेला नाही हे तू जाणतेसच. (तुझ्या टेलिफोनच्या बोर्डाखाली बसून जे पाहिलं त्याला शिकणं म्हणता येत नाही, ते बसणं होतं.) पस्तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय, पंखे, रेडिओ, शिलाईयंत्रांच्या मोटारी, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचं पेडल. आणि या पस्तीस वर्षांत एकही यंत्र आधी वहीत न उतरवता मी उघडलेलं नाही. पांढऱ्या डबीचंही तसंच केलं. तिची सेटिंगची पानं दुकानातल्या संगणकावर उघडली आणि सगळं उतरवून घेतलं: वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड (त्यातली मोठी अक्षरं लाल शाईने), कुठला दिवा हिरवा, कुठला लुकलुकतो, मिनिटाला किती वेळा, अडॅप्टरचे व्होल्ट बारा पूर्णांक एक. चौदा नोंदी. पंधरावी ओळ होती "आभासी इंटरफेस", आणि तिच्यापुढे काहीतरी आकडा होता. ती मी उतरवली नाही. माझा नियमच आहे ताई, की ज्याला स्क्रू नाही, तार नाही आणि ज्याच्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही, ते वहीत लिहायचं नाही. कंपनीवाले स्वतःच म्हणतात की ती वस्तू आभासी आहे, म्हणजे नाही. नसलेल्या वस्तूची नोंद मी का करू? मग डबी पुसली, फडक्यात गुंडाळली, आणि त्याच दुपारी कंपनीच्या काउंटरवर परत करून पावती घेतली. पावतीवर तारीख चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली.

नवा राउटर जोडला, नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि हात पुसून खुर्चीत बसलो. तीन दिवे हिरवे झाले. चौथा, ज्यावर पृथ्वीचं चित्र आहे, तो लाल राहिला. तो पुढे जवळजवळ तीन आठवडे लालच राहिला.

काय काय केलं त्याची यादी देत नाही, वहीची एकोणीस पानं आहेत, भेटशील तेव्हा दाखवीन. थोडक्यात, तार बदलली. तारेची दोन्ही टोकं कापून आठही रंग नव्याने लावले, आणि मनाचं समाधान होईना म्हणून पुन्हा कापले. (तार आता इतकी आखूड झाली आहे की कपाटच भिंतीकडे सरकवावं लागलं. कंबर ती तेव्हाची.) कंपनीच्या मदत केंद्राला गच्चीवरून सहा वेळा फोन केला. तिथली मुलगी सहाही वेळा म्हणाली, "सर, एकदा बंद करून चालू करा." मी तिला समजावून सांगितलं की बंद करून चालू करणं ही दुरुस्ती नव्हे, ती आशा आहे. सहाव्या वेळी ती म्हणाली, "सर, आमच्याकडून लाइन एकदम ओके दिसते. तुम्ही बॉक्स तर बदलला नाही ना?" मी म्हणालो, "बॉक्स कशाला बदलीन मी?" आणि फोन ठेवला. (याला खोटं म्हणता येणार नाही. मी प्रश्न विचारला होता.) खाली आलो तर आई खुर्चीतून विचारते, "काय म्हणतात ते?" आता काय सांगणार? म्हणालो, "इकडचं सगळं ठीक आहे. दोष ताईच्या बाजूला आहे." आई म्हणाली, "अगंबाई, मग तिला कुणी बघणारं आहे का तिकडे?" आणि त्यानंतर ती दर दिवसाआड विचारायची, "तिच्याकडे आला का कुणी दुरुस्तीला?" मी म्हणायचो, "येईल, माणसं मिळत नाहीत हल्ली."

दोन रविवार असे गेले. दोन्ही दिवशी आई पावणेदहाला तयार होऊन खुणांवर बसली. मी सांगितलं होतं की आज होणार नाही. ती म्हणाली, "बसायला काय होतंय." काळ्या पडद्यासमोर अर्धा तास बसली आणि साडेदहाला उठून डाळिंब सोलायला घेतलं. मी त्या दोन्ही दिवशी दुकान उघडलं नाही.

आता तुझा भाग. राउटरच्या पोटात एक रोजनिशी असते, तो काय काय करतो ते स्वतःच लिहून ठेवतो. यंत्रांत मला हाच एक जवळचा वाटला. त्याने लिहिलं होतं की दर अर्ध्या मिनिटाला तो तारेत तोंड घालून विचारतो, पलीकडे कोणी आहे का? पलीकडून कोणी "आहे" म्हटलं तर पुढे नाव आणि पासवर्ड सांगायचा. पण कोणी काही म्हणत नव्हतं. हाक मारली, वाट पाहिली, उत्तर नाही. हाक मारली, वाट पाहिली, उत्तर नाही. दिवसाला दोन हजार आठशे ऐंशी वेळा. शुक्रवारी दुपारी ती ओळ मी पान उलटून उलटून वाचत होतो आणि एकदम मला तुझं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं.

तुला आठवतं का, बोर्डाच्या बाजूची खालची फळी निघालेली होती, आणि शाळा सुटल्यावर मी त्या भोकातून आत शिरून बसायचो? मी नऊ वर्षांचा, तू वीस. बाबा गेल्यानंतरचं दुसरं वर्ष. आई शिवणाच्या कारखान्यात, घरी कुणी नाही, आणि एक्स्चेंजमध्ये लहान मुलाला बसवायची परवानगी नाही, म्हणून मी खाली. तुझ्या मोठ्या बाईंना मी आजही चेहऱ्याने ओळखणार नाही, पण त्यांच्या तपकिरी चपलांची डावी टाच आतून झिजलेली होती हे सांगू शकेन. त्या आल्या की तू पायाने दोनदा जमीन वाजवायचीस आणि मी श्वास धरायचो. वर तू एखादी दोरी ओढून भोकात खुपसलीस की खाली तिचं पितळी वजन सरसरत वर जायचं, बोलणं संपून दोरी काढलीस की खटकन खाली यायचं. मला कुणाचा आवाज ऐकू यायचा नाही. नुसती वजनं वर जाताना आणि खाली येताना बघायचो, आणि त्यावरून आज डॉक्टरांकडे गर्दी आहे, शाळेत कुणी मोठं आलंय, वखारवाल्यांचं काहीतरी बिनसलंय, असं सगळं मला कळायचं. संध्याकाळी घरी जाताना मी तुला गावाच्या बातम्या सांगायचो आणि तू विचारायचीस, "तुला रे कुणी सांगितलं?" इतका शहाणा मी पुन्हा कधी झालो नाही.

तर ते वखारवाले. त्यांनी बाहेरून नवा फोन आणवला होता, काळा, जड, दोन्ही हातांनी उचलायचा. खांबापासून दुकानापर्यंत तारही स्वतःच ओढून घेतली, सरकारी माणसाची वाट बघायला नको म्हणून. आणि मग आठवडाभर त्याची मूठ फिरवत बसले. शेवटी तणतणत एक्स्चेंजमध्ये आले. मी खालून त्यांचे बूट पाहिले, भुशाने भरलेले. म्हणाले, "फोन नवा, तार नवी, मग तुम्हा लोकांचे कान फुटलेत का?" तू शांतपणे म्हणालीस, "काका, तार पोचली आहे. पण बोर्डावर तुमचा नंबर लावलेला नाही. तुम्ही कितीही फिरवा, इकडे ती कुणाचीच हाक नाही." ते गेल्यावर तू खाली वाकून मला म्हणालीस, "तार म्हणजे नुसती तार असते रे. कुणाचं बोलणं कुणाकडे जायचं ते आकड्यावर ठरतं." मी विचारलं, "आकडा कशाचा बनवलेला असतो?" तू हसलीस आणि म्हणालीस, "कशाचाच नाही. नुसता रंगवलेला असतो."

ताई, सत्तेचाळीस वर्षांनी मी वखारवाला झालो होतो. तार एकच, पण कंपनी तिच्यातून अनेकांची बोलणी वेगवेगळ्या आकड्यांखाली पाठवते: कुणाची वाहिन्यांची, कुणाची फोनची, आमची इंटरनेटची. राउटरच्या खऱ्या पोर्टवरून मारलेली हाक म्हणजे भुशाचे बूट घालून मूठ फिरवणं. त्या खऱ्या पोर्टवर, कागदावर काढल्यासारखं, एक दुसरं न दिसणारं पोर्ट मांडायचं, त्याला ठरलेला आकडा द्यायचा, आणि नाव-पासवर्डाची हाक मारायची ती त्या न दिसणाऱ्या पोर्टवरून. हाच तो आभासी इंटरफेस. जी एक ओळ मी नसलेली समजून गाळली, तिच्याशिवाय बाकी चौदा नोंदींचा काही उपयोग नव्हता.

(तुझा बोर्ड काढून नेला तो दिवसही त्या दुपारी आठवला. स्वयंचलित यंत्र आलं होतं. तू सगळ्या दोऱ्या एकेक करून पुसल्यास आणि डाव्या कानावरचा तो बोर्डाचा हेडफोन खणात ठेवलास. मी चौदा वर्षांचा होतो आणि रडलो नव्हतो, दुसऱ्या टेबलावर तारांना कथलाचा डाग देत होते त्याचा धूर डोळ्यांत गेला होता. तुझा डावा कान त्या बोर्डाने घेतला असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणतो.)

आता आकडा. तो एक ते चार हजार चौऱ्याण्णव यांपैकी कुठलाही असू शकतो. मदत केंद्राला विचारलं असतं तर डबी बदलल्याचं निघालं असतं. म्हणून मी शनिवारी सकाळी एक या आकड्यापासून सुरुवात केली. आकडा घालायचा, साठवायचं, दिव्याकडे दोन मिनिटं बघायचं, लाल राहिला की वहीत फुली, पुढचा आकडा. सगळे आकडे संपायला एकशे छत्तीस तास लागणार होते, म्हणजे रोज आठ तास धरले तर सतरा दिवस. यात अशक्य काही नाही. शनिवारी दोनशे झाले. रविवारी पुन्हा बसलो. दोनशे बाराला फुली मारतो तोच समोर शिडी टेकल्याचा आवाज आला. शिंपीणबाईंची लाइन बघायला कंपनीचा लाइनमन आला होता. साधारण माझ्याच वयाचा, तोंडात स्क्रू धरून काम करणारा. मी जाऊन शिडी धरली.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "तुमच्या कंपनीची ती आभासी इंटरफेसची पद्धत चांगली आहे."

तो वरून म्हणाला, "नंबर पाहिजे का?"

"छे. नंबर मला ठाऊक आहे. तुम्हा लोकांना पाठ असतो का ते बघत होतो."

"मग सांगा, किती?"

"तुम्ही सांगा आधी. मी पडताळतो."

त्याने तोंडातले स्क्रू काढून खिशात ठेवले. "दोनशे चाळीस," म्हणाला.

"बरोबर," मी म्हणालो.

"शाबास," तो म्हणाला. "आता सोडलीत तरी चालेल शिडी."

म्हणजे हिशोब कर, मी दोनशे बारावर होतो. त्याने सांगितलं नसतं तरी अठ्ठावीस आकड्यांनी, छप्पन्न मिनिटांनी, मी स्वतःच तिथे पोचणार होतो. त्यामुळे हा शोध त्याने लावला असं कुणी म्हणू शकत नाही. शिवाय घरी आल्यावर मी एकदम दोनशे चाळीस घातला नाही. वहीत दोनशे बारानंतर दोनशे चाळीस लिहिणं मला जमेना. उद्या कुणी वही उघडून विचारलं, मधले अठ्ठावीस कुठे गेले, तर काय सांगू? दोनशे तेरा घातला, दोन मिनिटं बघितलं, फुली. दोनशे चौदा. असं करत क्रमाने गेलो. दोनशे चाळीसला पृथ्वीचा दिवा एकदा मिटला आणि हिरवा झाला. रोजनिशीत नवी ओळ उमटली. हाक मारली, उत्तर आलं. मी ती ओळ आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आलं का उत्तर? बरं झालं." आणि आत गेली.

तर आता लाइन उत्तम चालू आहे. सूनबाईंचा लॅपटॉप रविवारखेरीज घरी नसतो हे ठाऊक आहे, आणि फोनच्या पडद्यावर ओठ वाचण्याएवढे मोठे दिसत नाहीत, म्हणून मधल्या वारी त्रास दिला नाही. येत्या रविवारी दहाला बस. चित्र थांबणार नाही. आईला मी सांगून ठेवलं आहे की आता हवी तेवढी मोठी जांभई दे.

सूनबाईंना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्याला शेक, आणि मोठ्या बाई जिथे असतील तिथे त्यांच्या चपलांनाही माझा नमस्कार.

तुझा,
खटपट्या

ता. क. एक छोटी विनंती. रविवारी आई तुला विचारेल, "तुझ्याकडची दुरुस्ती झाली का?" तेव्हा तू नुसती मान हलव. एखादा माणूस आला होता, चांगला होता, चहा घेऊन गेला, असं काहीतरी. तुला सवयच आहे, मला बोर्डाखाली ठेवून तू मोठ्या बाईंशी इतकी वर्षं सरळ चेहऱ्याने बोललीस.

ता. क. दोन. विनंतीवर पाणी पडतं आहे, पण वेळांची नोंद अपुरी ठेवणं मला जमत नाही. लाइनमनने नंबर सांगितला तेव्हा नऊ वाजून अडतीस मिनिटं झाली होती. घरी येऊन तो सरळ घातला असता तर दहाच्या आत तू पडद्यावर असतीस. मी क्रमाने गेलो. दिवा हिरवा झाला तेव्हा दहा सदतीस झाले होते, तुला सूनबाई बाहेर घेऊन गेल्या होत्या. तिसरा रविवार माझ्या वहीने खाल्ला. आईला मी हे सांगितलेलं नाही. तिच्या खुर्चीसमोरच घड्याळ आहे, त्यामुळे सांगायची गरज आहे असंही नाही.

ता. क. तीन. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं. त्या रविवारी दहा वाजता आई खुणांवर बसलेली होती. मी दोनशे बावीसवर. तिने खुर्ची उचलून फिरवली, माझ्या समोर आणून ठेवली आणि बोलायला लागली. आवाज न करता, तुझ्याशी बोलते तशी. मी म्हणालो, "आई, मला ऐकू येतं, मोठ्याने बोल." तिने हाताने थांबवलं आणि पुढे बोलत राहिली, अर्धा तास. मध्येच हसली. एकदा डोळे पुसले. मला एक अक्षर कळलं नाही. मी दिव्याकडे बघत होतो, तिच्याकडे बघत होतो, मान हलवत होतो, फुल्या मारत होतो. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि थांबली. उत्तर हवं होतं. मी "हो" म्हणालो. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, साडेदहा झाले होते.

सोमवारी सकाळी तिने मला माळ्यावरची निळी बॅग काढायला लावली. मी कशाला ते विचारलं नाही. विचारलं तर म्हणेल, तू हो म्हणालास ना. आज गुरुवारपर्यंत त्या बॅगेत तिचे सहा कपडे, औषधांचा डबा, तुझ्या मापाचे लोकरीचे मोजे, माझे दोन शर्ट आणि माझी दाढीची पेटी गेली आहे. तेव्हा रविवारी, दुरुस्तीचं बोलून झाल्यावर, मी नेमकं कशाला हो म्हणालो ते तिच्याकडून हळूच काढून घे आणि मला कळव. आणि तसं काही नसेल, पण तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे की पायऱ्या? पायऱ्या असतील तर किती, आणि एका पायरीची उंची किती, तेवढं मोजून ठेव. एकदाच मोजलंस तरी चालेल.